तिसऱ्या स्लाइडवरचा फोटो

सोनल घरतने एमबीएला नाव घातलं तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. वर्गात तुझ्याहून म्हातारं फक्त भिंतीवरचं घड्याळ असेल, असं तिचा नवरा हरेश म्हणायचा. म्हणायचा, पण शनिवार-रविवारी सकाळी लेकीची वेणी घालायला तोच बसायचा. सोनलला नावड्याहून नेरूळला नऊच्या लेक्चरला पोचायचं असायचं.

ती पावण्याला, औद्योगिक वसाहतीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत स्टोअरमध्ये क्लार्क होती. सात वर्षं. कुठला माल आला, कुठला गेला, हे कॉम्प्युटरमध्ये भरायचं, एवढंच काम. वरच्या जागेसाठी एकदा अर्ज केला, तर एचआरवाल्यांनी विचारलं, "बीकॉमच्या पुढे काय?" पुढे काही नव्हतं. म्हणून मग हा कोर्स. माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापनातली एमबीए, नोकरी करणाऱ्यांसाठी, फक्त शनिवार-रविवार.

पहिलं वर्ष तिनं मान खाली घालून काढलं. वर्गातली पोरं चोवीस-पंचवीसची, ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतली, इंग्रजीत भांडणारी. पहिल्याच प्रेझेंटेशनला ती "इन्फरमेशन" म्हणाली आणि मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. तिनं उरलेल्या स्लाइड कशाबशा संपवल्या आणि पुढचं लेक्चर बाथरूममध्ये काढलं. त्यानंतर तिनं एक केलं. प्रत्येक प्रेझेंटेशन ती शब्दन् शब्द पाठ करायला लागली. बसमध्ये, पोळ्या लाटताना, लेकीला शाळेत सोडून परत येताना. पाठ झालं की जीभ आपोआप चालायची, डोक्यावर भार यायचा नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र तिचं बरं चाललं. डेटाबेस शिकवायला मंजुषा मॅडम होत्या. त्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाकीचे उदाहरणं नेटवरून उचलतात. सोनलकडे खरी असतात." तो आठवडाभर सोनल जमिनीवर चालत नव्हती. शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टला मॅडमच तिच्या गाइड झाल्या, आणि विषय शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. तिच्या टेबलासमोरच तो उभा होता.

म्हणजे गंगारामकाका उभे होते.

गंगाराम मढवी पावणे गावातलेच. कंपनी सुरू झाली त्या वर्षी स्टोअरला लागले, ते आता सत्तावन्नचे झाले होते. नववी पास. स्टोअरमध्ये सहा हजारांच्या वर वस्तू, आणि कुठली कुठे आहे ते काकांच्या डोक्यात. रॅकना नंबर होते, पण ते कुणी वापरत नसे. सगळी कंपनी रॅकना काकांनी दिलेल्या नावांनी ओळखायची: खाजण, उंबराचा, मोठी बांधणी, देवाची पट्टी. ती त्यांच्या वाडवडिलांच्या भातशेतांची नावं. वसाहत झाली तेव्हा ती शेतं या शेडांच्या खाली गेली. नवा इंजिनियर आला की पहिला आठवडा गोंधळायचा, मग तोही "खाजणातून दोन बुश द्या" म्हणायला लागायचा.

दोन वर्षांपूर्वी काकांना टायफॉइड झाला. अकरा दिवस ते घरी होते, आणि त्यातले आठ दिवस एक मोठी ऑर्डर एका बुशपायी, एवढ्याशा सुट्या भागापायी, अडकून पडली. बुश स्टोअरमध्येच होता, सापडला नाही. प्लँट मॅनेजर उदयसिंह साहेबांनी अख्खा कारखाना डोक्यावर घेतला होता. सोनलनं प्रोजेक्टचा विषय तिथूनच उचलला. डोक्यातलं स्टोअर सिस्टममध्ये कसं आणायचं.

तिनं काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मंग इचार ना. बारा ते एक मी मोकलाच असतंय."

चार महिने ती रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासोबत बसली. काकांचा डबा, तिचा डबा, मध्ये वही. दोघांचं मूळ एकच, आगरी, त्यामुळे डब्यातल्या जवळ्याला नाक मुरडणारं तिथं कुणी नव्हतं. काका सांगायला लागले की थांबायचे नाहीत. गास्केट वरच्या फळीवर का, तर पावसाळ्यात खालून ओल चढते. पितळी माल दाराशी का नको. एकसारखे दिसणारे दोन सील बोटांनी कसे ओळखायचे. कुठल्या कंपनीचं बेअरिंग डब्यावर एक माप सांगतं आणि आत दुसरंच निघतं. तिनं तीन वह्या भरल्या.

"तीस वरसांत कुनी इचारलं नाय गो बाय," ते एकदा म्हणाले. "सगले येतात, मागतात नि जातात. कसं ठेवतंस, हे कुनी इचारलं नाय."

आणि एकदा, डबा धुऊन आल्यावर, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "माजं नाव येल ना त्या पुस्तकात?"

"पहिलं तुमचंच, काका," सोनल म्हणाली. म्हणताना तिच्या मनात काडीचीही शंका नव्हती.

एके दिवशी तिनं फोटोसाठी मोबाइल काढला. काका म्हणाले, थांब. नळावर गेले, केस ओले केले, खिशातल्या कंगव्यानं नीट भांग पाडला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि रॅकवर हात ठेवून उभे राहिले. फोटो बघून म्हणाले, "बरा आलाय. विमलला पाठव." विमलबाई त्यांची बायको. सोनलनं लगेच पाठवला.

मग लिहायची वेळ आली. पहिला मसुदा मंजुषा मॅडमनी परत दिला. "सगळं छान आहे गं, पण प्रॉब्लेम स्टेटमेंट मिळमिळीत आहे. धोका दिसला पाहिजे. धोकाच नसेल तर सिस्टम हवी कशाला?"

मॅडमचं चूक नव्हतं. सोनलनं ते वाक्य चार वेळा लिहिलं, आणि पाचव्यांदा ते बसलं. मराठीत सांगायचं तर असं: कंपनीचं संपूर्ण भांडार एका अल्पशिक्षित, निवृत्तीला आलेल्या कर्मचाऱ्याच्या स्मरणशक्तीवर आणि त्याच्या अशास्त्रीय, स्थानिक नावांवर अवलंबून आहे. इंग्रजीत ते फारच रुबाबदार वाटत होतं. ज्या इंग्रजीला वर्गात हसले होते त्या इंग्रजीत आपल्याला असं वाक्य जमलं, याचा तिला आनंद झाला. तिनं ते मोठ्यानं वाचून पाहिलं. पुन्हा वाचलं. खाजण म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या आजोबांचंही नावड्याला खाडीकाठचं खाजण होतं. पण ते तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही.

आभाराचं पान एकच हवं, असा कॉलेजचा नियम होता. संचालक, विभागप्रमुख, मॅडम, उदयसिंह साहेब, सासू-सासरे, हरेश, लेक, आणि शेवटी गंगाराम मढवी. दोन ओळी पुढच्या पानावर जात होत्या. तिनं अक्षर बारीक करून पाहिलं, पण अक्षराचाही नियम होता. मग तिनं शेवटच्या दोन ओळी काढल्या. बाकीच्यांतलं एखादं नाव काढता आलं असतं. विभागप्रमुखांना तर ती दोन वर्षांत एकदाच भेटली होती. पण ओळी शेवटच्या होत्या, त्या कापणं सोपं होतं.

आणि फोटो. तो लावायला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या स्लाइडला उजवीकडची बाजू मोकळी दिसत होती, म्हणून तिनं तो तिथं टाकला. वर मोठ्या अक्षरांत "प्रॉब्लेम", डावीकडे त्याच वाक्याचे तीन मुद्दे, उजवीकडे भांग पाडलेले, रॅकवर हात ठेवून हसणारे गंगारामकाका.

कॉलेजातली तोंडी परीक्षा उत्तम झाली. बाहेरून आलेले परीक्षक तिसऱ्या स्लाइडवर थांबून म्हणाले, "हा एक फोटो सगळं सांगतो." वर्गात तिचा प्रोजेक्ट पहिला आला. हरेशनं रसमलाई आणली, सासूनं शेजारपाजारी सांगितलं. कंपनीतही बातमी गेली, आणि उदयसिंह साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "शुक्रवार को ग्यारह बजे. कॉन्फरन्स रूम में. सब हेड्स को बुलाता हूँ."

नऊ वर्षांत ती त्या खोलीत चहाचा ट्रे ठेवायलाही गेली नव्हती. गुरुवारभर ती पाठांतर करत होती. स्लाइड तशाच ठेवल्या. पहिल्या आल्या होत्या, बदलायच्या कशाला?

शुक्रवारी सगळे बसले. परचेसवाले, प्रॉडक्शनवाले, एचआर. ती सुरुवात करणार तोच उदयसिंह साहेब दारातून बाहेर डोकावले आणि त्यांनी हाक मारली, "गंगारामजी, आप भी आइए. आप ही के स्टोअर का है."

साहेबांनी हे मानानं केलं होतं. काका आत आले. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर, अगदी कडेला बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

सोनलनं बटण दाबलं. पहिली स्लाइड. दुसरी स्लाइड. तिसरी एका बोटावर होती. ती सोडून पुढे जाता आलं असतं. दोनदा बटण दाबलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. हे तिला पुढं कैक वेळा सुचलं. त्या वेळी सुचलं नाही, की सुचूनही धीर झाला नाही, हे तिचं तिलाच सांगता येत नाही.

स्लाइड आली. भिंतीवर काका, खऱ्या काकांच्या दुप्पट.

काकांना इंग्रजी येत नाही असं सगळे धरून चालायचे. पण तीस वर्षं त्यांनी खोक्यांवरची इंग्रजी लेबलंच वाचली होती. अक्षराला अक्षर लावून ते सावकाश वाचायचे, ओठ हलायचे. सोनलला टेबलाच्या या टोकावरून त्यांचे ओठ हललेले दिसले. आधी वरचा मोठा शब्द. मग डावीकडची पहिली ओळ.

प्रॉडक्शनचा एक जण म्हणाला, "काका, हिरो बन गये!" दोघं-तिघं हसले. काकाही हसले.

आणि सोनल बोलतच होती. पाठ केलेलं होतं, जीभ थांबेना. "अल्पशिक्षित"साठीचा इंग्रजी शब्द तिनं त्यांच्यासमोर, भर खोलीत, स्वच्छ उच्चारात म्हटला. उच्चार इतका स्वच्छ तिला याआधी कधी जमला नव्हता.

शेवटी टाळ्या झाल्या. काकांनीही वाजवल्या. मग उठले, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि गेले.

दुपारी ती डबा घेऊन स्टोअरमध्ये गेली. काका जेवून बसले होते. "लवकर जेवलात?" तिनं विचारलं.

"हां. भूक लागलेली, मॅडम."

एवढंच. राग नाही, टोमणा नाही. नऊ वर्षांत त्यांनी तिला कधी बायशिवाय हाक मारली नव्हती. तिला तोंड उघडून काहीतरी म्हणायचं होतं, पण काय म्हणायचं? मी तसं लिहिलं नव्हतं? लिहिलं होतं. तो अर्थ नव्हता? तोच अर्थ होता. ती डबा न उघडता टेबलावर परत आली. घरी गेल्यावर हरेश म्हणाला, "डबा तसाच?" ती म्हणाली, मीटिंग होती.

गोष्ट इथं निराळी झाली असती तर सोनलला बरं वाटलं असतं. नवी सिस्टम कोसळली असती, साहेब धावत काकांकडे गेले असते, तर तिला एका बाजूनं सुटल्यासारखं झालं असतं. तसं काही झालं नाही. सिस्टम उत्तम चालली. पाच महिन्यांत सगळ्या वस्तूंना कोड लागले, रॅकवर स्टिकर आले. मोबाइलनं स्कॅन केलं की वस्तू कुठं आहे ते कळायचं. काकांनी त्या पाच महिन्यांत तिला जे जे लागलं ते सगळं सांगितलं, एक गोष्ट लपवली नाही. फक्त विचारलं तेवढंच सांगितलं. पूर्वी एक विचारलं की दहा सांगायचे.

सोनलची बढती झाली. काकांना गेटवर, वजनकाट्याच्या खोलीत बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकच्या पावत्या बघायचं हलकं काम. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला आराम. रोज सकाळी सोनल गेटातून आत यायची तेव्हा ते खिडकीतून मान हलवायचे. ती बॅगेत काहीतरी शोधत जायची. पुढं पुढं तर ती मागच्या गेटानं यायला लागली. तिकडून बसस्टॉप लांब पडायचा. मैत्रिणींना सांगायची, चालणं होतं.

पुढच्या मार्चात ते रिटायर झाले. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, सोनल बोलेल, तिनं सगळ्यांत जास्त त्यांच्याबरोबर काम केलंय. तिनं पाठ केलं नव्हतं. उभी राहिली आणि "काकांकडून खूप शिकायला मिळालं, त्यांना पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा," म्हणून बसली.  हे वाक्य कुणीही कुणासाठीही म्हणतं.

एप्रिलच्या एका रविवारी ती त्यांच्या घरी गेली. हरेशला म्हणाली, ऑफिसातल्या एकीच्या लग्नाची पत्रिका द्यायची आहे. पत्रिका वगैरे नव्हती. पावणे गावात, खाली भाडेकरू आणि वर घर, असा त्यांचा दुमजली बंगला. विमलबाईंनी दार उघडलं. "ये गो, सोनल ना तू? फोटूवाली?"

सोनल उंबऱ्यावरच थबकली. पण विमलबाईंच्या बोलण्यात काही नव्हतं. त्यांना फक्त मोबाइलवर आलेला फोटो ठाऊक होता. काकांनी घरी काही सांगितलंच नव्हतं.

विमलबाई चहा टाकायला आत गेल्या आणि सोनलनं एका दमात सांगून टाकलं. "काका, माझं चुकलं. मी तसं लिहायला नको होतं. तुमचं नाव पण... मी घातलं होतं, मग काढलं."

काका पंख्याकडे बघत होते. "तू लिवलंस ते खोटं नव्हतं," ते म्हणाले. "मी नववीच हाय. डोक्यात ठेवलेलं, ते पन खरं. मी आजारी पडलो तवा कंपनी अडली. मना ते समजतं."

सोनलनं आतल्या दाराकडे पाहिलं.

"नावाचं पन जाऊ दे. पन फोटू," आणि इथं त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा हलला, "फोटू मी तुना त्याच्यासाठी काढू नव्हता दिला."

सोनलला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर काकांनाच तिची समजूत घालावी लागली असती, एवढं तिला कळत होतं. ती चटईची किनार बघत बसली.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तो अजून हाय का त्या कंप्युटरमंदी?"

होता. कॉलेजनं तिचं प्रेझेंटेशन नमुना म्हणून ठेवलं होतं. नव्या मुलांना पहिल्याच महिन्यात दाखवायचे. तिनं ते सांगितलं. काकांनी हळूच मान हलवली. "काढता येल?"

"काढते."

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून ती नेरूळला गेली. मंजुषा मॅडम खूश झाल्या, कॉफी मागवली. सोनलनं काम सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पण तीच तर सगळ्यांत चांगली स्लाइड आहे. कुणी ऑब्जेक्शन घेतलंय का?"

"ज्यांचा फोटो आहे त्यांनी."

"त्यांनी पाहिला कुठे?"

"मी दाखवला, मॅडम. कंपनीत. ते समोर बसले होते आणि मी वाचून दाखवलं."

मॅडमनी कप खाली ठेवला. "सगळं? ते वाक्यसुद्धा?"

"सगळं."

हे दुसऱ्या कुणाला सांगण्याची तिची ही पहिली वेळ. हरेशलाही तिनं सांगितलं नव्हतं. मॅडम उठल्या. स्वतःच कॉम्प्युटरपाशी गेल्या, फाइल उघडली, फोटो काढला. जरा थांबून "अल्पशिक्षित" हा शब्दही काढला. "मीच म्हणाले होते, धोका दिसला पाहिजे," त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या.

"लिहिलं मी, मॅडम," सोनल म्हणाली.

आभाराचं पान बदलता येणार नव्हतं. मार्क विद्यापीठात गेले होते, छापील प्रत ग्रंथालयात होती. आणि मागच्या बॅचच्या पोरांच्या मोबाइलवर फाइल गेलेली होती, ती कुणाकुणाकडून काढणार?

पुढच्या रविवारी ती परत पावण्याला गेली आणि आहे ते सांगितलं. कॉलेजातून काढला, पोरांकडे राहिला असेल. काकांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही.

विमलबाईंनी चहा आणला. दोघं समोरासमोर बसून चहा पीत राहिले. एके काळी एका सीलवर अर्धा तास बोलणारी ही माणसं, आता काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं. शेवटी काकांनीच विचारलं, "शिस्टम कशी चाललीय?"

त्या क्षणी सोनलला खोटं बोलावंसं फार वाटलं. म्हणावं, तुमच्याशिवाय अडतं. म्हणावं, परवाच दोन तास एक बेअरिंग सापडलं नाही. काकांना बरं वाटलं असतं, आणि तिला त्यांच्याहून जास्त. पण त्यांच्याबद्दल मनाला येईल ते लिहून झालं होतं, आता निदान तोंडावर तरी खरं बोलायला हवं होतं.

"चांगली चाललीय, काका."

"चालनारच," ते म्हणाले. "सगला माल नीट लावलेला व्हता." आणि रिकामा कप घेऊन ते आत गेले.